ख्रिस्तपुराणांतील ‘मोक्ष’ आणि पापक्षमा

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, त्यांतील मोठा भाग त्या ग्रंथांतील मराठीच्या स्तुतीवर खर्ची पडला आहे. त्या ओव्या शालेय पुस्तकांतून घरोघर गेल्या. आम्हीही त्या अनेक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतल्या. परंतु सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ भाषेच्या गौरवासाठीं रचिलेला नाहीं. मनुष्याचें पाप कसें उत्पन्न झालें आणि तें कोणीं, काय मोल देऊन फेडिलें, एवढाच त्याचा विषय आहे. त्या विषयासाठीं कर्त्यानें आमच्याच भांडारांतून जे शब्द उचलले, त्यांचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

स्टीफन्स हे जातीनें इंग्रज. १५७५ सालीं रोम येथें ते जेझुइट संघांत प्रविष्ट झाले, १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचले आणि १६१९ सालीं निवर्तले. मधलीं बहुतेक वर्षें साष्टींत गेलीं. पुराणाची पहिली आवृत्ति १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत निघाली. पुढें १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन निघाल्या. नागरी अक्षरांत छापावें अशी त्यांची इच्छा होती, हें त्यांच्या १६०८ च्या पत्रावरून दिसतें. पण जोडाक्षरांसह शेंकडों खिळे पाडण्याचें काम तेव्हां पार पडलें नाहीं. ग्रंथाचे भाग दोन. पहिल्यांत सृष्टीची उत्पत्ति, आदिपुरुषाचें पतन व तारकाची प्रतीक्षा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. आरंभींच एक ब्राह्मण विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं नवें पुराण कां देत नाहीं? साष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडिलीं गेलीं होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या प्रश्नांतील व्यथा समजते. उत्तर म्हणून ग्रंथ उभा राहिला.

आतां शब्दांकडे वळूं. मोक्ष, मुक्ति, वैकुंठ, तारक हे सर्व शब्द स्टीफन्सांनीं निःसंकोच वापरले आहेत. एकनाथी भागवताची सवय असलेल्या श्रोत्यास ते ओळखीचेच वाटले असतील. पण ओळख तेथेंच संपते. आमच्या शास्त्रांत मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका, आणि बंधनाचें मूळ अविद्या किंवा कर्म. ख्रिस्ती मतांत पुनर्जन्म नाहीं; जन्म एकदांच, मरण एकदांच. बंधन आहे तें पापाचें, आणि तेंही केवळ स्वतःच्या नव्हे, आदिपुरुषापासून वंशांत उतरलेल्या पापाचें. त्यामुळें शब्द जुना राहिला तरी त्याच्या मागचा हिशेब सर्वस्वी पालटला. स्टीफन्सांनीं वैदिक धर्मास ख्रिस्ती वेष चढविला, किंवा ख्रिस्ती धर्मास मराठी वेष चढविला, अशीं दोन्ही विधानें वाचावयास मिळतात. आमच्या मतें दोन्ही अपुरीं आहेत. वेष म्हणण्याइतका शब्द अर्थापासून निराळा काढतां येत नाहीं. म्हणूनच पहिल्या भागांत शेंकडों ओव्या खर्चून त्यांना आधीं पापाची नवी वंशावळ सांगावी लागली.

प्रायश्चित्ताच्या प्रकरणीं मात्र दोन्ही परंपरा अनपेक्षितपणें जवळ येतात. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५५१ सालीं पापनिवेदनाच्या संस्कारांत पापी मनुष्याकडून तीन गोष्टी अपेक्षिल्या: अनुताप, पापाचें मुखानें कथन, व भरपाईचें कृत्य. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापमुक्तीचे उपाय सांगतांना ख्यापन, अनुताप व तप हे तिन्ही येतात; जोडीला अध्ययन, आणि अडचणीच्या वेळीं दान. ज्यानें स्मृति पाहिली त्यास ट्रेंटचा निर्णय परका वाटूं नये. भेद पुढें आहे. स्मृतिकार परिषदेपुढें पाप सांगावयास लावितात, परिषद प्रायश्चित्त नेमून देते, आणि तें आचरिल्यानें पाप जातें. रोमच्या मतांत भरपाईचें कृत्य पापी करतो खरा, पण क्षमेचें बळ त्या कृत्यांत नसून दुसऱ्याच्या मरणांत आहे.

एकाचें ऋण दुसऱ्यानें फेडणें ही कल्पना वेदवाङ्मयास अज्ञात नाहीं. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेंतील शुनःशेपाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. हरिश्चंद्र वरुणाला पुत्र देण्याचें वचन देतो व चालढकल करतो. वरुण त्यास उदररोगानें पकडतो. रोहित शंभर गाईंच्या मोलानें अजीगर्ताचा मुलगा आपल्या जागीं विकत घेतो. बाप आणखी शंभर गाई घेऊन मुलास यूपाला बांधतो, आणखी शंभर घेऊन शस्त्र परजतो. शुनःशेप देवतांची स्तुति करतो, एकेक पाश गळतो, राजाही बरा होतो. निष्क्रय, म्हणजे मोल देऊन केलेली सोडवणूक, ही कल्पना येथें पूर्णपणें आहे. परंतु कथेचा शेवट आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. अजीगर्त पश्चात्ताप झाल्याचें सांगून गाई परत देऊं करतो. मुलगा ऐकत नाहीं. जें केलेंस तें सांधण्याजोगें नाहीं, असें म्हणून तो विश्वामित्राचा पुत्र होतो. सोडवणूक झाली, क्षमा झाली नाहीं. या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ख्रिस्ती सिद्धान्त त्या एकत्र बांधूं पाहतो: ज्याचा अपराध झाला तोच मोल देतो. या ठिकाणीं शुनःशेपाच्या कथेशीं त्याचें नातें तुटतें.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत पापनाशाचीं स्थानें थोडीं नाहींत. तुळजापुरीं कल्लोळ तीर्थांत स्नान करूनच यात्रेकरू भवानीच्या दर्शनास जातो. पण येथें आठवण होते ती तेरच्या गोरोबाकाकांची. महिपतीच्या भक्तिविजयांत (१७६२) ही कथा आहे. नामाच्या नादांत चिखल तुडवितां तुडवितां पोटचें मूल पायाखालीं गेलें. पुढें शपथ मोडल्याबद्दल गोरोबांनीं आपले हात तोडून घेतले. पंढरपुरीं कीर्तनांत हात परत आले आणि मूलही रांगत आलें. येथें शासन अपराध्यानें स्वतःच करून घेतलें. देवानें तें आपल्यावर घेतलें नाहीं. शासन झाल्यावर गेलेलें परत दिलें. शिवाय मुलाच्या मृत्यूचें प्रायश्चित्त कथेंत कोठेंच नाहीं; हात गेले ते शपथेपायीं. कृपेचें दान तीन ठिकाणीं तीन प्रकारचें आहे. ‘सर्व धर्म एकच सांगतात’ हें वाक्य व्याख्यानास सोयीचें असलें तरी पोथी उघडून बसणाऱ्यास त्याचा उपयोग नाहीं.

क्षमेचा हा ग्रंथ ज्या भूमींत झाला, तेथील एक हकीगत टाळतां येत नाहीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या लोकांनीं रुदोल्फ आक्वाविवा यांसह पांच जेझुइट मारिले. त्यांचीं प्रेतें मिळवून पुरण्याच्या कामीं स्वतः स्टीफन्स गेले होते. पुढें पोर्तुगीजांनीं कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार केलें. त्या प्रसंगानंतर तेहतीस वर्षांनीं छापलेल्या पुराणांत मारणाऱ्यांस क्रुसावरून क्षमा करणारा नायक साष्टीच्याच श्रोत्यांपुढें उभा आहे. ग्रंथकार प्रामाणिक होता याविषयीं आम्हांस संशय नाहीं. पण ज्या सत्तेच्या आश्रयानें तो लिहीत होता तिनें हा पाठ गिरविल्याचें असोळण्यांत दिसत नाहीं.

जातां जातां एक शब्दविचार. पुढें प्रॉटेस्टंट मिशनांच्या मराठींत ‘तारण’ व ‘खंडणी’ हे शब्द या अर्थीं रुळले. जुने कागद चाळणाऱ्यांस तारण म्हणजे कर्जापोटीं ठेविलेली वस्तु, आणि खंडणी म्हणजे फौजेनें मुलखावर बसविलेली रक्कम. सावकारी आणि स्वारी या दोहोंचे शब्द मोक्षाच्या कामीं आले. मूळ ग्रीक शब्दही बंदिवान सोडविण्याच्या मोलाचाच असल्यामुळें भाषांतरकारांची निवड चुकली असें म्हणवत नाहीं.

प्रतींविषयीं थोडें. मंगळुराहून १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं रोमन प्रत छापिली. तिच्या आधारें शांताराम बंडेलू यांची नागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली. लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील नागरी पोथी जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२३ च्या सुमारास उजेडांत आणिली. भक्तिविजयाचें इंग्रजी भाषांतर करणारे अ‍ॅबट ते हेच. तिच्यावरून नेल्सन फाल्काव यांची आवृत्ति २००९ सालीं झाली. या पोथींत दोन भागांस आदिपुराण व देवपुराण अशीं नांवें आहेत, आणि रोमन परंपरेंत जेथें पोर्तुगीज धर्मशब्द येतात तेथें बहुधा संस्कृत किंवा मराठी शब्द घातले आहेत. म्हणून पापक्षमेच्या शब्दांचा निर्णय करतांना दोन्ही पाठ शेजारीं ठेवूनच वाचावे. एकावर विसंबूं नये. सतराव्या शतकांतील तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत हातीं लागलेली नाहीं. कोंकण, गोवा व कानडा येथील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत रोमन अक्षरांचीं सुटीं पानें निघाल्यास तीं पोर्तुगीज समजून बाजूस टाकूं नयेत. चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या, ओवी असेल तर कानास लगेच कळते.