तारप्याचा नाद आणि त्याचे पारखी

एखाद्या वाद्याचा नाद बदलू लागला म्हणजे त्याच्या पारख्यांत वाद माजतो, ही गोष्ट काही महानगरांतील संगीतसभांपुरतीच मर्यादित नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी समुद्रापर्यंत पसरलेल्या पालघर-बोईसरच्या पट्ट्यातही तारप्याच्या नादावरून असाच वाद आज चालू आहे, आणि त्यात कोणाचा शब्द प्रमाण मानावा हे ठरवावयाचे, तर आजवर या वाद्याची पारख कोणी आणि कशी केली, याचा इतिहास आधी पाहावा लागतो.

तारपा हे वारली, कोकणा आदी जमातींचे वाद्य. वाळवून आतून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात मधमाशीच्या मेणाने बसविलेल्या, आत जीभ असलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि त्या नळ्यांच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा, एवढीच त्याची सामग्री. परंतु भोपळ्यात साठलेली हवा आणि वादकाने गालांत राखलेला श्वास यांच्या योगाने त्यातून निघणारा स्वर मध्ये खंडित होत नाही, कारण वादक नाकाने श्वास आत घेत असतानाच गालांतील हवा पुढे लोटीत असतो. गारुड्याची पुंगी हे त्याचे दूरचे भावंड म्हणता येईल. मात्र पुंगी जेथे थांबते तेथे तारप्याची खरी सुरुवात होते, कारण तारपा घटकाभरासाठी वाजत नाही, तो रात्रभर वाजतो.

भात पिकू लागल्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंतचा काळ हा त्याचा हंगाम. मोकळ्या जागी मध्यभागी वादक उभा राहतो, त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात, पुढच्याच्या हाती घुंगरांची काठी असते, आणि तारपकरी ज्या दिशेला वळेल त्या दिशेला ती साखळी वळते; तारप्याकडे पाठ फिरवावयाची नाही, हा तेथील दंडक. वादक एका पाठोपाठ एक चाळे, म्हणजे तारप्याच्या निरनिराळ्या धुना, वाजवितो, आणि प्रत्येक चाळ्याबरोबर पावलांची ठेवण, गती, वळण बदलते. शहरी कानाला हा सारा नाद एकसुरी वाटतो, याचे कारण तो कान समेची आणि तानेची वाट पाहत असतो. ज्याचे पाऊल त्या साखळीत आहे त्याला मात्र चाळा बदलल्याची खूण सांगावी लागत नाही. येथे समीक्षक आणि नर्तक ही दोन माणसे नव्हेत. चाळा साधला नाही तर पावले अडखळतात, साखळी सैल होते, आणि वादकाला आपल्या कलेचा निवाडा तेथल्या तेथे, शब्दावाचून मिळतो. कलेच्या इतक्या तत्काळ आणि इतक्या निष्पक्ष परीक्षणाची सोय आमच्या कोणत्याही मैफलीत नाही, असे मला प्रांजळपणे वाटते.

बाहेरच्या जगाने मात्र हा नाद फार उशिरा ऐकला. इंग्रज अमदानीत या मुलखाची दखल घेतली गेली ती महसूल आणि जंगल यांच्या निमित्ताने. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात वारली, काथोडी, ठाकूर यांच्या चालीरीतींची नोंद आहे. परंतु दफ्तराची नजर ही वर्गवारी करणारी नजर असते. पुढे सिमिंग्टन यांच्या अहवालाने सावकारी आणि वेठबिगार यांचे भयानक चित्र सरकारपुढे ठेवले, आणि १९४५ साली के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, मे महिन्यात झरीच्या सभेत वेठ न करण्याची शपथ घेतली गेली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली गवतकापणीच्या मजुरीसाठी, पाचशे पौंडांस अडीच रुपये या दरासाठी, संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मरण पावले.

या तारखेकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ऑक्टोबर हा गवतकापणीचा महिना, आणि तोच तारप्याचाही महिना. ज्या देहाने दिवसा जमीनदाराच्या कुरणात वेठ करावयाची, त्याच देहाने रात्री चाळ्यावर पाऊल टाकावयाचे. तेव्हा या नृत्याला ‘निरागस वनवासी आनंद’ असे लेबल लावून मोकळे होणाऱ्या लेखकांनी त्यामागचा शिणवटा ध्यानात घेतला नाही, एवढे तरी म्हणावेच लागेल. श्रमाने मोडलेल्या माणसांनी रात्रीचे काही प्रहर स्वतःच्या मालकीचे करून घेतले होते, आणि त्या मालकीची सनद तारपकऱ्याच्या श्वासात होती.

स्वातंत्र्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. तारपा ऐकला जाण्याऐवजी पाहिला जाऊ लागला. १९७० नंतरच्या दशकात वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले. या चित्रांतील सर्वांत परिचित आकृती कोणती, तर तारपकऱ्याभोवती उलगडत जाणारी नर्तकांची वर्तुळाकार रांग. साड्या, भेटकार्डे, पडदे, सरकारी इमारतींच्या भिंती, जेथे तेथे ही रांग फिरू लागली. तिला डोळ्यांनी ओळखणाऱ्या लाखोंपैकी कितीजणांच्या कानांवर तारपा पडला असेल? ज्या वाद्याची कीर्ती त्याच्या आकृतीने केली, त्याचा नाद त्या कीर्तीखाली मुका राहिला, हे मला आमच्या रसिकतेचे मोठे उणेपण वाटते.

दरम्यान खुद्द या मुलखाचा कानच बदलत होता. १९६९ साली तारापूरची अणुवीज केंद्रे सुरू झाली, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, कारखान्यांच्या पाळ्यांनी दिवसरात्रीचे जुने हिशेब मोडले, आणि दिवाळी होताच वीटभट्ट्यांकडे कामासाठी निघणाऱ्या कुटुंबांना लांबलचक रात्री आपल्या म्हणून उरल्या नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा लग्नाच्या मांडवांत आणि वरातींत ध्वनिवर्धकांच्या भिंती रूढ झाल्या होत्या. तारप्याचे चाळे कीबोर्डवर बसवून, त्यांना विजेच्या ढोलाची जोड देऊन वाजविणारे तरुणांचे चमू या पट्ट्यात आता सर्वत्र आढळतात, आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत खरा तारपा आणि हा नवा नाद एकाच रस्त्याने जातात. वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा की हा गोंगाट आहे, संस्कृतीचा नाश आहे. तरुणांचे उत्तर असे की सूर आमचाच आहे, वाद्य तेवढे निराळे.

माझ्या मते दोहोंत तथ्य आहे, परंतु समान नाही. कीबोर्डाची पट्टी ठरलेल्या स्वरांवर बांधलेली असते, तर तारप्याचा स्वर वादकाच्या श्वासागणिक किंचित वर-खाली होतो, दोन नळ्यांचे स्वर एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यातून जी थरथर उत्पन्न होते ती यंत्रातून हरवते. त्याहून मोठी हानी अशी की यंत्रवादकाला नर्तकांची पावले दिसत नाहीत. तो मंचावर असतो, साखळी खाली असते, आणि चाळा बदलण्याचा निर्णय पावलांकडून वादकाकडे पोहोचण्याचा मार्गच तुटतो. परंतु नव्या पिढीने तारप्याचा सूर टाकून न देता आपल्या हाती आलेल्या साधनांतून तो पुन्हा उभा केला, यात मला अधःपात दिसत नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप चमूने आरेच्या जंगलातील प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत केले, त्यातही जंगल राखण्याचा आदिवासींचा जुना आग्रह नव्या लयीत बोलतो, आणि त्या गीताचे मोल त्याच्या अस्सलपणाच्या मोजमापावरून नव्हे, तर त्यातील तळमळीवरून ठरविले पाहिजे.

जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तारपावादनाची आणि तारपा घडविण्याची विद्या नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जतन केली, आणि २०२६ च्या पद्मश्रींत त्यांचे नाव आले. हा सन्मान रास्त आहे. तथापि सन्मानसोहळ्यात मंचावरचे दहा मिनिटांचे वादन ऐकून ज्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवाव्यात, त्यांना या वाद्याचे शास्त्र कळणे अशक्य आहे; म्हणून आकाशवाणीने, विद्यापीठांनी आणि जिल्ह्याच्या सांस्कृतिक खात्याने आता एवढे तरी करावे की जे जाणते तारपकरी हयात आहेत त्यांचे वादन गावाच्या मोकळ्या जागेत, नाचणाऱ्यांच्या साखळीसह, सांजवेळेपासून पहाटेपर्यंत सलग ध्वनिमुद्रित करावे, प्रत्येक चाळ्याचे नाव आणि पावलांची ठेवण त्याच गावातील जाणत्यांकडून लिहून घ्यावी, आणि ते मुद्रण बोईसरच्या कीबोर्डवाल्या पोरांच्या हाती विनामूल्य द्यावे.