जमिनीचा नफा आणि रोख्यांचे व्याज

भांडवली नफ्यावर कर प्रथम आला तो लियाकत अलीखानांच्या 1947 च्या अंदाजपत्रकातून. मुंबईच्या शेअरबाजारात खळबळ उडाली. 1949 मध्ये जॉन मथाईंनी तो उठविला. केंब्रिजच्या कॅल्डॉर ह्या अर्थशास्त्रज्ञांच्या शिफारशीनंतर 1956 मध्ये टी. टी. कृष्णमाचारींनी तो पुन्हा बसविला. घाम गाळून मिळविलेल्या पैशावर कर, आणि बसल्या जागी वाढलेल्या पैशाला माफी, हा न्याय आम्हांस कधीच पटला नाही.

भिवंडीकरांना हा प्रश्न पुस्तकी नाही. नाशिक रस्त्यालगतच्या भातखाचरांवर गोदामे उठली, जमिनीला सोन्याचा भाव आला. 2000 साली आयकर कायद्यात 54 ईसी कलम आले: नफा सहा महिन्यांत महामार्ग प्राधिकरणासारख्या संस्थांच्या रोख्यांत घाला, तेवढ्यापुरता कर माफ. 2007 मध्ये 50 लाखांची मर्यादा आली. 2018 मध्ये तीन वर्षांची मुदत पाच झाली. छोट्या शेतकऱ्याला ह्याचा लाभ झाला, तर त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु यंत्रमागावरचा कामगार साबणावर नि कापडावर जो कर भरतो, त्याला अशी वाट नाही.

एक गैरसमज मात्र घरोघर आढळतो. माफी नफ्याला आहे, व्याजाला नव्हे; ह्या रोख्यांचे व्याज दरवर्षी उत्पन्नात धरले जाते.