इंटरनेट खर्च, घरगुती (येवला)

घरातील इंटरनेट-जोडणी आणि सगळ्या मोबाईल फोनांचा डेटा यांवर मिळून वर्षभरात होणारा खर्च, आणि तो आटोक्यात ठेवण्याचे मार्ग. नाशिक जिल्ह्यातील येवला या तालुक्याच्या गावी या खर्चाला विशेष महत्त्व आहे, कारण येथे अनेकांचे घर हेच कामाचे ठिकाण आहे. पैठणीचा माग घरात, साडीचे फोटो घरातून जातात आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला पदरावरचे मोर व्हिडिओ कॉलवर घरातूनच दाखवले जातात. नागडे, बल्हेगाव यांसारख्या विणकरांच्या गावांनाही हे लागू आहे. अशा घरात इंटरनेटला चैन म्हणणे चूक ठरेल. तो धंद्याच्या खर्चाचा भाग आहे आणि रेशमाइतक्याच बारकाईने त्याचा हिशेब ठेवला पाहिजे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तालुक्याच्या गावांत घरगुती ब्रॉडबँड खऱ्या अर्थाने पोचले ते २००५ पासून, बीएसएनएलच्या ‘डेटावन’ सेवेमुळे, तांब्याच्या टेलिफोन तारेवरून. तेव्हा मोजणी मेगाबाइटची होती. काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ हा काळ मोफत असे, त्यामुळे मोठ्या फायली त्या वेळात उतरवून घेण्याची रीत पडली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाईल डेटा स्वस्त झाला आणि तारेची गरज काही वर्षे कोणाला वाटेनाशी झाली. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली, तेव्हा घरोघर पुन्हा तारेचा शोध सुरू झाला. त्याच वर्षी जिओफायबरने ३० एमबीपीएस वेगाची जोडणी महिना ३९९ रुपयांवर आणली. बाकीच्या कंपन्यांच्या प्राथमिक योजनाही पुढे याच किमतीच्या आसपास राहिल्या.

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी मोबाईलचे दर वाढवले आणि घरगुती खर्चाचे गणित बदलले. रोज दीड जीबी देणारा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांच्या घरात गेला. मुदत २८ दिवसांची असल्याने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. चार फोन असलेल्या घराचा खर्च त्यामुळे १५,५४८ रुपये होतो. ३९९ रुपयांच्या फायबर योजनेवर १८ टक्के जीएसटी धरला की महिन्याचे ४७१ आणि वर्षाचे सुमारे ५,६५० रुपये होतात. जाहिरातीत कराविना आकडा असतो, तो पाहून निर्णय घेऊ नये.

फायबर घेतले आणि चारही फोनांवर जुनेच पॅक चालू ठेवले, तर वर्षाचा खर्च २१,००० रुपयांच्या पुढे जातो. एकाच घरात एकाच इंटरनेटचे पैसे दोनदा भरले जातात. बहुतेक घरांतला अपव्यय हाच, आणि स्वस्त योजनेच्या शोधात तो नजरेआड राहतो. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले. असा वर्षभराचा पॅक २०२५ च्या सुरुवातीस सुमारे १,८५० रुपयांना मिळू लागला. चारही फोन त्यावर नेले तर फायबर धरून खर्च १३,००० रुपयांच्या आसपास येतो. तीन फोन कॉलपुरते आणि बाहेर हिंडणाऱ्या एकाचा डेटा चालू, असे केल्यास तो सुमारे १५,१०० होतो, म्हणजे फायबर नसतानाच्या खर्चापेक्षा किंचित कमी. दोन फोनांचा डेटा चालू राहिला की बचत संपते आणि खर्च १७,००० वर जातो. माग चालवणारा दिवसभर घरात असतो. आजी-आजोबाही घरीच असतात. अशा घराला फायबर परवडते. दोघेच जण, दोघेही नोकरीनिमित्त रोज मनमाड किंवा कोपरगावला जाणारे, अशा घराने तार घेऊ नये. एका फोनचा हॉटस्पॉट त्यांना पुरतो.

वेगाच्या बाबतीत विक्रेत्याचे ऐकू नये. एचडी चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस लागतात. ३० एमबीपीएसमध्ये एक व्हिडिओ कॉल, एक मालिका आणि मुलाचा अभ्यास आरामात एकत्र चालतात. घरगुती योजनांची नेहमीची मर्यादा महिना ३,३०० जीबी, म्हणजे दिवसाला ११० जीबी. एवढा डेटा सामान्य कुटुंब वापरत नाही. १०० एमबीपीएस घेऊनही माजघरात चित्र अडखळते, याचे कारण बहुधा योजना नसून जुन्या वाड्याच्या जाड भिंती असतात. राउटर रस्त्याकडच्या खोलीतून हलवून मागाजवळ किंवा घराच्या मध्यावर, उंचावर ठेवला की बहुतेक तक्रारी मिटतात. दूरच्या खोलीसाठी ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झचे जाळे निवडावे. ते मंद असते, पण भिंतीपार जाते. ओटीटी जोडलेली महाग योजना घेण्याआधी घरात ती वाहिनी खरोखर कोण पाहते, हे विचारावे.

पैसे भरण्याची पद्धत येथे वेगळी ठरते. विणकराची मजुरी साडी मागावरून उतरल्यावर मिळते, दर महिन्याच्या एका तारखेला नव्हे. हातात रक्कम असताना सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरणे सोयीचे जाते. वार्षिक भरण्यावर काही कंपन्या जोडणीचा खर्च माफ करतात किंवा मुदत वाढवून देतात. मात्र गल्लीतील केबलचालकाकडून जोडणी घेतली असेल तर वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नयेत. त्याचा वरच्या कंपनीशी करार तुटला की गिऱ्हाइकाचे पैसे अडकतात. तीन महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि पावती कंपनीच्या नावाची घ्यावी. अशा चालकाची एक बाजू मात्र मोलाची आहे. संक्रांतीच्या पतंगोत्सवात गच्चीवरची तार मांजात अडकून तुटली, तर शिडी घेऊन लवकर येणारा तोच असतो. थोडा जास्त दर त्यासाठी देणे योग्य आहे.

आपल्या घरगुती जोडणीचा पासवर्ड शेजाऱ्यांना पैसे घेऊन देणे योजनेच्या अटींत बसत नाही. त्याचा कायदेशीर मार्ग पीएम-वाणी हा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या या योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकतो. २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक घेऊ नये, असा आदेश ट्रायने जून २०२५ मध्ये दिला. विणकरांच्या एखाद्या आळीत हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे.

मोबाईलप्रमाणे तारेच्या ब्रॉडबँडला पोर्टिंगची सोय नाही. कंपनी बदलताना जुनी जोडणी लेखी बंद करावी, राउटर परत केल्याची पावती घ्यावी आणि अनामत मागावी. तक्रार नोंदवल्यावर तिचा क्रमांक जपून ठेवावा. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्याला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ असा असून तेथे मराठीतही बोलता येते.