पर्वतीवरून कारंजा दिसत नाही

पुण्याला बदली झाली आणि पहिल्याच रविवारी आमच्या मेहुण्यांनी मला पर्वतीवर नेलं. मेहुणे पक्के पुणेकर. "वरून अख्खं पुणं दिसतं, आणि तेही फुकट!" यातल्या 'फुकट'वर त्यांचा जोर पुण्यापेक्षा जास्त होता. मी पडलो बँकेतला कारकून. फुकट म्हटलं की मागच्या पानावरची बारीक अक्षरं वाचायची, ही वीस वर्षांची सवय. त्यामुळे एकशे तीन पायऱ्या धापा टाकत चढलो आणि त्या मनातल्या मनात खर्ची घातल्या.

वरचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजी इथंच वारले. सगळं राज्य नजरेखाली, पण पानिपत काही इथून दिसत नव्हतं!

मेहुण्यांनी उत्साहाने हात लांब केला. "ते बघ, तिकडे गणेशखिंड. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई तिथं झाली आणि दुसऱ्या बाजीरावांनी ती इथून पाहिली."

मी पाहिलं. मला इमारती दिसल्या. बाजीरावांना निदान धूळ दिसली असेल. दोन कोसांवर बापू गोखले लढताहेत, जरीपटका सांभाळता सांभाळता मोरोपंत दीक्षित पडताहेत, आणि राज्याचे धनी डोंगरावर! इंग्रज फौज तीन हजारांच्या आत, पेशव्यांची कितीतरी पट. तरी १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढच्या जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. सालाना आठ लाख रुपये पेन्शन ठरली, ब्रह्मावर्ताला मुक्काम पडला, आणि १८५१ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षांहून अधिक, ती त्यांनी घेतली. आमच्या काउंटरवर दर नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेऊन पेन्शनर मंडळी येतात. त्यांत इतका चिवट पेन्शनर मी पाहिलेला नाही. फुकटच्या जागेचं मागचं पान ते हे.

"तुमच्या कारंज्याला आहे का असा इतिहास?" मेहुण्यांनी विचारलं.

मी ताठ झालो. म्हटलं, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव आहे आमचं. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ, पोहा अशा चार वेशी आहेत. आणि १६७० मध्ये खुद्द शिवाजी महाराजांच्या फौजेनं आमचं गाव लुटलं! चार हजार बैल आणि गाढवं लुटीनं लादून नेली, असं इतिहासकार सांगतात. सगळे सावकार धरून नेले. त्यांतला सर्वांत मोठा तेवढा बाईच्या वेषात निसटला, कारण मराठे बायकांना हात लावत नसत. मराठी माणूस म्हणून माझी छाती फुगते आणि कारंजेकर म्हणून खिसा चाचपावासा वाटतो.

मेहुणे हसले. मीही हसलो. पण गावाचं नाव निघालं आणि आदल्या रात्रीचा बाबांचा फोन आठवला. आमच्या तुरीत रानडुकरं शिरताहेत. पंचाहत्तरीचे बाबा रोज रात्री माळ्यावर चढून जागल करतात. माळा म्हणजे चार खांबांवरची खाट. तीही उंच, तीही फुकट. "दोन रात्री येशीन का रे? मले आता अंधारात दिसत नाही," ते म्हणाले. मी म्हणालो, "बघतो."

बघतो! बाजीरावही तेच करत होते. उंचावरून बघणं दोन तऱ्हांचं असतं. माळ्यावरचा जागल्या बघतो ते डुक्कर दिसताच आरडत खाली धावण्यासाठी. पर्वतीवरचा धनी बघतो ते बघत राहण्यासाठी. दरमहा पैसे पाठवून मीही गेली काही वर्षे पर्वतीवरच बसलो होतो.

"अजून संग्रहालय राहिलंय," मेहुणे म्हणाले. "त्याला मात्र तिकीट आहे हं." मी म्हटलं, "पुढच्या वेळी," आणि पायऱ्या उतरू लागलो.

सोमवारी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'जागल'. साहेबांनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी दोन दिवस मंजूर केले. मी चार मागितले होते.