आयएसडीएन जोडणी व सीरियल पोर्ट

संगणकातील माहितीचे बिट (द्विमान पद्धतीतील ० किंवा १ हे अंक) एकाच तारेवरून एकामागून एक पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या जोडस्थानास सीरियल पोर्ट म्हणतात. वैयक्तिक संगणकावरील हे पोर्ट मूलतः मंदगती मोडेम, मुद्रक यांसारख्या साधनांसाठी योजलेले होते. १९९० नंतरच्या दशकात आयएसडीएन ही अंकीय दूरध्वनी सेवा घरोघरी मिळू लागली, तेव्हा हेच पोर्ट इंटरनेटकडे जाणाऱ्या मार्गातील सर्वांत अरुंद भाग ठरले. दूरध्वनी केंद्रापासून काही किलोमीटर तारेवरून सुरळीत आलेली माहिती घरातील अडॅप्टर व संगणक यांमधील हातभर केबलीत अडत असे. या अडचणीचे मूळ १९८१ मधील एका आराखड्यात होते. तीवर मात करणारी यंत्रसामग्री निवडणे हा घरगुती ग्राहकांच्या दृष्टीने खर्चाचा व गैरसमजांनी भरलेला प्रश्न होता.

आयएसडीएन सेवा : या नावाचा अर्थ ‘एकात्मिक सेवांचे अंकीय जाल’ असा होतो. सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने तिच्या शिफारशी १९८४ मध्ये प्रसिद्ध केल्या व १९८८ मध्ये त्या सुधारून विस्तृत केल्या. घरगुती ग्राहकास मिळणाऱ्या मूलभूत जोडणीत दर सेकंदास ६४,००० बिट वाहणाऱ्या दोन ‘बी’ वाहिन्या आणि संकेतांसाठी १६,००० बिटांची एक ‘डी’ वाहिनी असते. जपानमध्ये एनटीटीने १९८८ मध्ये व पश्चिम जर्मनीत तेथील टपाल खात्याने १९८९ मध्ये ही सेवा अधिकृतपणे सुरू केली. अमेरिकेत निरनिराळ्या कंपन्यांच्या केंद्रांमध्ये एकवाक्यता नसल्याने तिचा प्रसार रखडला. १९९२ मध्ये ‘नॅशनल आयएसडीएन’ या समान मानकाची सुरुवात झाल्यावर त्यास गती आली. यूरोपात १९९३ च्या अखेरीस ‘यूरो-आयएसडीएन’ हे समान मानक अमलात आले. दोन्ही बी वाहिन्या एकत्र जोडून १,२८,००० बिटांचा वेग मिळविण्याची ‘मल्टिलिंक पीपीपी’ ही पद्धत १९९४ मध्ये इंटरनेटच्या मानकांत प्रसिद्ध झाली. तेव्हाच्या चांगल्या मोडेमचा वेग २८,८०० बिट होता, हे लक्षात घेतल्यास या सेवेचे आकर्षण समजू शकते.

पोर्टाचा उगम : आरएस-२३२ हे जोडणीचे मानक अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० मध्ये तयार केले. १९६९ च्या ‘सी’ आवृत्तीत दर सेकंदास २०,००० बिटांपर्यंतचा वेग व सुमारे १५ मी. लांबीची केबल गृहीत धरली होती. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या सीरियल कार्डावर नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची ८२५० ही यूएआरटी चिप (समांतर आलेल्या आठ बिटांचे मालिकेत व मालिकेचे पुन्हा समांतर बिटांत रूपांतर करणारे मंडल) बसविली होती. या मंडलास दर सेकंदास १८,४३,२०० स्पंद देणारा स्फटिक जोडलेला होता. एका बिटासाठी सोळा स्पंद लागत असल्याने पोर्टाचा कमाल वेग १,१५,२०० बिट ठरला. आयबीएमच्या माहितीपुस्तिकेत ९,६०० पर्यंतचेच वेग दिलेले होते. मोडेम ३०० किंवा १,२०० बिटांचे असण्याच्या त्या काळात ही मर्यादा कोणास जाणवण्यासारखी नव्हती. पुढे या संगणकाच्या असंख्य प्रतिकृती निघाल्या. प्रचलित आज्ञावली चालावी म्हणून त्या सर्वांत तोच स्फटिक व तीच रचना कायम राहिली.

वेगाचे गणित : सीरियल पोर्टावरील प्रेषण असमकालिक असते, म्हणजे दोन्ही टोकांना समान कालस्पंद पुरविलेले नसतात. त्यामुळे प्रत्येक आठ बिटांच्या अक्षरापूर्वी एक आरंभ बिट व नंतर एक समाप्ती बिट जोडावा लागतो. अशा रीतीने एका अक्षरास दहा बिट खर्ची पडतात व १,१५,२०० बिटांच्या पोर्टातून सेकंदास ११,५२० अक्षरेच जाऊ शकतात. उलट आयएसडीएन वाहिनी समकालिक असल्याने तीत हे जादा बिट नसतात. एका बी वाहिनीतून सेकंदास सुमारे ८,००० व दोहोंतून १६,००० अक्षरे येतात.

यावरून एक वाहिनी वापरणाऱ्यास जुन्या वेगाचे पोर्ट पुरत होते; दोन वाहिन्या वापरणाऱ्यास मात्र त्यांच्या क्षमतेच्या ७२ टक्क्यांपेक्षा अधिक लाभ मिळणे अशक्य होते. बहुतेक ठिकाणी दुसरी वाहिनी हा स्वतंत्र कॉल समजून तिचे वेगळे शुल्क घेतले जाई. म्हणजे कॉलचा खर्च दुप्पट होऊनही वेग जेमतेम ४४ टक्क्यांनी वाढे. अडॅप्टरमध्ये माहितीचे संक्षेपण करण्याची सोय असल्यास ही विसंगती आणखी वाढे. निम्म्या आकारात मावणारा मजकूर एकाच वाहिनीतून आला, तरी विस्तारानंतर त्याची सेकंदास १६,००० अक्षरे होतात व तीही या पोर्टात मावत नाहीत. जाहिरातींत व अडॅप्टरच्या खोक्यांवर १,२८,००० हा आकडा ठळकपणे छापलेला असे. तो तारेवरील वेग होता. संगणकाच्या हाती पडणारा वेग नव्हे.

साठवण व व्यत्यय संकेत : वेगाच्या कमाल मर्यादेखेरीज अक्षरे गहाळ होण्याचा दुसरा दोष होता. ८२५० चिपमध्ये आलेले एकच अक्षर ठेवण्याची सोय होती. प्रत्येक अक्षर आल्यावर ती मुख्य प्रक्रियकास व्यत्यय संकेत पाठवी. १,१५,२०० च्या वेगाने सु. ८७ मायक्रोसेकंदांत (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) पुढील अक्षर येते. तेवढ्यात प्रक्रियकाने आधीचे अक्षर उचलले नाही, तर ते पुसले जाते. एक अक्षर गेले, तरी तपासणीत संपूर्ण पुडके सदोष ठरते व सु. १,५०० अक्षरांपर्यंतचा मजकूर पुन्हा मागवावा लागतो. मिनिटागणिक शुल्क भरणाऱ्या ग्राहकास या पुनःप्रेषणाचाही भुर्दंड पडे.

१९८४ मधील आयबीएम एटी संगणकात आलेली १६४५० ही चिप अधिक वेगवान होती. पण तिची साठवणही एकाच अक्षराची होती. १९८७ मधील पीएस/२ संगणकांबरोबर सोळा अक्षरांची रांग असलेली १६५५० चिप आली. तिच्या पहिल्या आवृत्तीतील दोषामुळे ही रांग वापरता येत नसे. दुरुस्त केलेल्या १६५५०ए या आवृत्तीपासून ती उपयोगी पडू लागली. चौदा अक्षरे साठल्यावर संकेत देण्याची योजना केल्यास सेकंदास ११,५२० ऐवजी सु. ८२३ व्यत्यय संकेत पुरतात. मात्र चौदाव्या अक्षरानंतर दोनच जागा शिल्लक राहत असल्याने प्रक्रियकास उत्तरासाठी थोडाच अवधी मिळतो. आठ अक्षरांवर संकेत घेतल्यास संकेतांची संख्या वाढते. पण अवधी सु. ६९० मायक्रोसेकंदांपर्यंत जातो. मंद संगणकांवर हा दुसरा पर्याय अधिक सुरक्षित ठरे.

जुन्या कार्डांवर चिप खोबणीत बसविलेली असल्यास ती काढून तेथे १६५५०ए बसविता येई आणि हाच सर्वांत स्वस्त उपाय होता. परंतु संगणकाची चालक आज्ञावली ही रांग वापरणारी असणे आवश्यक होते. विंडोज ३.१ मधील मूळ आज्ञावली तिचा पुरेसा उपयोग करीत नसे. विंडोज ९५ पासून ही उणीव दूर झाली. प्रवाहनियंत्रण मजकुरातील विशिष्ट अक्षरांनी न करता आरटीएस व सीटीएस या स्वतंत्र तारांनी करणेही आवश्यक होते.

उच्चवेगी पोर्ट : दोन्ही वाहिन्यांचा पूर्ण लाभ घेण्यासाठी पोर्टाचा वेग किमान १,६०,००० बिट हवा होता. प्रचलित वेगांत याच्या वरची पायरी २,३०,४०० ही होती. संक्षेपणासाठी ४,६०,८०० इष्ट होता. यासाठी मूळ स्फटिकाच्या दुप्पट किंवा चौपट कंप्रतेचा (सेकंदातील कंपनांच्या संख्येचा) स्फटिक असलेली कार्डे निघाली. त्यांतील अडचण आज्ञावलीची होती. चौपट स्फटिकाच्या कार्डास जुनी आज्ञावली १,१५,२०० चा वेग मागे, तेव्हा प्रत्यक्षात ४,६०,८०० मिळे. म्हणून कार्डाबरोबर स्वतंत्र चालक आज्ञावली द्यावी लागे किंवा ग्राहकास प्रत्येक आकडा मनाने चौपट धरावा लागे. लिनक्स प्रणालीत ‘सेटसीरियल’ या आज्ञेने हा फरक कळविण्याची सोय होती.

वेग वाढला की सोळा अक्षरांची रांगही अपुरी पडू लागते. त्यामुळे ३२ अक्षरांची १६६५०, ६४ अक्षरांची १६७५० व १२८ अक्षरांची १६९५० या चिपा पुढे आल्या. हेझ कंपनीच्या ‘ईएसपी’ कार्डावर स्वतंत्र प्रक्रियक आणि प्रत्येक दिशेस १,०२४ अक्षरांची साठवण होती. मुख्य प्रक्रियकावरील भार त्यामुळे बराच घटे. पण विशेष चालक आज्ञावली नसल्यास हे कार्ड साध्या १६५५० प्रमाणेच काम करी. अशा वेगांना केबल आखूड व संरक्षक वेष्टनाची घ्यावी लागे, कारण मूळ मानकाच्या कितीतरी पलीकडचे हे वेग होते. अडॅप्टरही तो वेग स्वीकारणारा असणे अर्थातच आवश्यक होते. १,१५,२०० वरच थांबणाऱ्या अडॅप्टरला महाग कार्ड जोडण्यात अर्थ नव्हता.

ही मर्यादा तंत्रविद्येची नसून परंपरेची होती, हे ॲपल कंपनीच्या १९८४ मधील मॅकिंटॉश संगणकावरून दिसते. त्याची पोर्टे आरएस-४२२ या मानकाची होती आणि लोकलटॉक या जालासाठी ती २,३०,४०० बिटांच्या वेगाने चालत.

इतर मार्ग : सीरियल पोर्ट वगळणे हा मूलगामी उपाय होता. यूरोपात जालाच्या टोकाचे उपकरण दूरध्वनी संस्था पुरवीत असल्याने संगणकात थेट बसणारी स्वस्त आयएसडीएन कार्डे लोकप्रिय झाली. बर्लिन येथील एव्हीएम कंपनीची ‘फ्रिट्झ’ कार्डे प्रसिद्ध आहेत. अशा कार्डांत माहिती संगणकाच्या अंतर्गत मार्गाने जात असल्याने दहा बिटांचा हिशेब उरत नाही. अमेरिकेत ते उपकरण ग्राहकाने घ्यावयाचे असल्याने ते पोटात सामावलेले व मोडेमसारखे वापरता येणारे बाह्य अडॅप्टर अधिक खपले. त्यामुळे उच्चवेगी पोर्टाचा प्रश्न तेथे अधिक तीव्र झाला. मोटोरोला कंपनीचा ‘बिटसर्फर’ हा अशा अडॅप्टरांपैकी एक होय. एकाहून अधिक संगणक असल्यास इथरनेट जालास जोडणारा राउटर श्रेयस्कर होता. पण तो बराच महाग पडे.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे मुंबई व दिल्लीत महानगर टेलिफोन निगमने आयएसडीएन जोडण्याही दिल्या. तथापि घरगुती ग्राहकांचा मोठा वर्ग साध्या मोडेमवरच राहिला (⟶ मोडेम).

अस्त : १९९६ मध्ये जाहीर झालेल्या यूएसबी मानकाचा वेग दर सेकंदास १ कोटी २० लाख बिट होता. त्याचा प्रसार झाल्यावर केबलीतील अडथळा नाहीसा झाला. १९९८ मधील आयमॅक संगणकात जुने सीरियल पोर्ट ठेवलेच नव्हते. त्यानंतर थोड्याच वर्षांत एडीएसएल सेवेने साध्या दूरध्वनी तारेवरून आयएसडीएनच्या अनेक पट वेग दिला व घरगुती आयएसडीएन मागे पडले. ब्रिटनमध्ये नव्या आयएसडीएन जोडण्यांची विक्री सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली आणि जपानमध्ये तिची अंकीय माहिती प्रेषणाची सेवा जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली.

उच्चवेगी सीरियल कार्डांचा बहराचा काळ जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. १९८१ मध्ये पुरेशी वाटलेली स्फटिकाची कंप्रता सुसंगततेच्या आग्रहामुळे पुढील दीड दशक टिकली आणि सार्वजनिक जालाने देऊ केलेल्या क्षमतेचा चतुर्थांशाहून अधिक भाग तिने ग्राहकाच्या टेबलावर वाया घालविला. १६५५०ए ची रचना मात्र नष्ट झालेली नाही. औद्योगिक यंत्रे, सर्व्हर व आभासी संगणक यांत तिचे अनुकरण करणारी पोर्टे आजही आढळतात (⟶ संगणक).