मॅक्रोलेखन, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधील

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू स्वतः लिहून ठेवतो ती आज्ञांची छोटी संहिता म्हणजे मॅक्रो. ती एखाद्या बटणावर बसवता येते आणि बटण दाबले की तिच्यातल्या ओळी वरून खाली पार पडतात. एका मॅक्रोला रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे धरून २५५ अक्षरांची मर्यादा असते. ब्लिझार्ड एन्टरटेनमेन्ट या कॅलिफोर्नियातील कंपनीने हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी उत्तर अमेरिकेत आणला. मॅक्रोची सोय त्यात पहिल्यापासून आहे, बाहेरून काही बसवावे लागत नाही. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या पुष्कळ खेळाडूंनी आयुष्यातली पहिली आज्ञावली लिहिली ती इथे. आज्ञा काही संध्याकाळींत पाठ होतात. वेळ जातो तो या भाषेतून काय मुद्दाम वगळले आहे आणि ते का, हे उमगायला. (प्रत्यक्ष खेळात आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात, या नोंदीत त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.)

पूर्वपीठिका : रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात मड हा मजकुरावर चालणारा सामूहिक खेळ सुरू केला. त्याच्या वंशातले पुढचे खेळ खेळण्यासाठी टायनीफ्यूग, टिनटिन यांसारखे प्रोग्रॅम निघाले. त्यांत लांबलचक आज्ञेला छोटे नाव देता येई, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे समोरून ठरावीक ओळ आली की ठरावीक उत्तर आपोआप पाठवण्याची व्यवस्था करता येई. खेळाडू झोपलेला असला तरी त्याचे पात्र लढत राही. अल्टिमा ऑनलाइनमध्ये (१९९७) कौशल्य वापराने वाढत असे. साहजिकच रात्रभर एकच कृती घोकणारी पात्रे दिसू लागली आणि ‘मॅक्रो करणे’ याचा अर्थच माणूस जागेवर नसताना पात्र चालू ठेवणे असा रूढ झाला. एव्हरक्वेस्टने (१९९९) पाच ओळींची बटणे दिली, त्यांत थांबण्याची आज्ञाही होती. वॉरक्राफ्टच्या कर्त्यांसमोर हा सगळा इतिहास होता.

२००६ चा बदल : खेळाचा दर्शनी भाग लुआ या भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात तयार झाली. आकाराने लहान आणि दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात सहज बसणारी, म्हणून खेळ बनवणाऱ्यांची ती आवडती. पहिली दोन वर्षे मॅक्रोमध्ये लुआचा तुकडा टाकून जवळजवळ काहीही करता येत होते. समोरचा मित्र असेल तर हा मंत्र, शत्रू असेल तर तो, त्याची प्रकृती अमुक टक्क्यांखाली गेली तर तिसराच, असे सारे निर्णय कोड घेऊ शके. डिकर्सिव्ह नावाचे, खेळाला बाहेरून जोडायचे अ‍ॅडऑन त्या काळी गाजले. मोल्टन कोअर या ४० जणांच्या मोहिमेत ल्युसिफ्रॉन नावाचा पहिलाच मोठा शत्रू घोळक्याला शाप देतो. तो कोणाकोणाला लागला हे पाहून एकेकाला निवडायचे आणि शाप उतरवायचा, हे त्या लढाईतले खरे कष्टाचे काम. डिकर्सिव्ह असले की एकच कळ बडवत राहायचे. कोणाला निवडायचे ते अ‍ॅडऑन पाही. मोहिमेतल्या त्या माणसाचे काम मग कळ दाबण्यापुरते उरले.

डिसेंबर २००६ च्या २.०.१ या आवृत्तीने हे मोडून काढले. मंत्र टाकणे, लक्ष्य निवडणे, वस्तू वापरणे या क्रिया संरक्षित ठरल्या. ब्लिझार्डचा स्वतःचा कोड तेवढा त्या करू शकतो. बाहेरच्या कोडचा हात लागलेली माहिती डागाळलेली धरली जाते आणि तिच्या आधारे अशी क्रिया करू गेल्यास अ‍ॅडऑनमुळे कृती फसल्याची सूचना पडद्यावर येते. लुआची दारे बंद केल्यावर खेळाडूंच्या हाती काहीतरी देणे भाग होते. ते म्हणजे चौकटी कंसातल्या अटींची छोटी भाषा. आज मॅक्रो शिकणे म्हणतात ते मुख्यतः हिचेच शिक्षण. २०१९ मध्ये जुन्या स्वरूपाचा खेळ ‘क्लासिक’ म्हणून परत आणला तेव्हाही निर्बंध नवेच राहिले. २००५ सालच्या आठवणी काढत आलेल्यांना जुने डिकर्सिव्ह काही मिळाले नाही.

रचना : प्रत्येक आज्ञा तिरक्या रेघेने सुरू होते. ‘/कास्ट’ने मंत्र टाकतात, ‘/यूज’ने वस्तू वापरतात, ‘/टार्गेट’ने लक्ष्य धरतात, ‘/फोकस’ने दुसरे एक लक्ष्य बाजूला लक्षात ठेवतात. उपचार करणाऱ्या प्रीस्टचा नेहमीचा मॅक्रो असा असतो :

#शोटूलटिप
/कास्ट [@माउसओव्हर, हेल्प, नोडेड] [हेल्प, नोडेड] [@प्लेयर] फ्लॅश हील

पहिली ओळ बटणावर मंत्राचे चित्र आणि माहिती दाखवण्यापुरती. दुसरीत तीन कंस आहेत आणि ते डावीकडून उजवीकडे तपासले जातात. माउसचा बाण ज्याच्यावर आहे तो मदत करण्याजोगा आणि जिवंत असेल तर मंत्र त्याच्यावर. तसे नसेल तर सध्याचे लक्ष्य त्याच कसोटीवर पाहायचे. तेही बसत नसेल तर मंत्र स्वतःवर. कंसातला स्वल्पविराम ‘आणि’चे काम करतो, शेजारी दुसरा कंस ठेवला की ‘किंवा’ होते, आणि वेगळाच मंत्र हवा असेल तर मध्ये अर्धविराम येतो. एवढ्यावर पुष्कळ निभते. जी अट पहिल्यांदा खरी ठरेल तिथे तपासणी थांबते, म्हणून विनाअट मंत्र आधी आणि अटीचा नंतर लिहिला तर दुसऱ्याची पाळी कधीच येत नाही. शिकाऊ मंडळी हमखास इथे अडखळतात.

काटकसरही याच ओळीत शिकता येते. बरेच जण ‘हेल्प’च्या आधी ‘एक्झिस्ट्स’, म्हणजे लक्ष्य अस्तित्वात आहे का, अशी अट घालतात. जो मदत करण्याजोगा आहे तो अस्तित्वात असणारच, तेव्हा ती अक्षरे वाया जातात. ‘नोडेड’ मात्र गाळून चालत नाही. घोळक्यातला कोणी मेलेला असेल आणि बाण त्याच्या नावावरून जाईल, तर मंत्र त्याच्याकडे वळतो आणि नुसता नकार ऐकून परततो. तेवढ्यात जिवंत माणूस हातचा जातो. २५५ अक्षरांत बसवायचे म्हटले की काय आवश्यक आणि काय सवयीने लिहिलेले हे आपोआप दिसू लागते. ही मर्यादा जाचक आहे, पण इतकी नेमकी शिस्त दुसऱ्या कशाने लागली नसती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अटींची यादी बरीच मोठी आहे : लढाई चालू आहे का, पात्र पोहते आहे का, स्वार आहे का, कोणत्या पवित्र्यात आहे, शिफ्ट किंवा ऑल्ट दाबलेले आहे का, माउसचे कोणते बटण वापरले. यादीत नाही ते अधिक बोलके आहे. शत्रूची प्रकृती किती उरली, स्वतःची शक्ती किती आहे, मंत्र पुन्हा टाकण्यायोग्य झाला का, अंगावर कोणता परिणाम आहे, यांपैकी काहीच विचारता येत नाही. हे सारे पडद्यावर दिसते, खेळाडूने ते पाहून ठरवायचे असते. परिस्थिती पाहून कळ कुठे वळवायची एवढे मॅक्रो करू शकतो. कळ केव्हा दाबायची हे सांगण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही.

वेळेचे बंधन : बहुतेक मंत्रांनंतर साधारण दीड सेकंद दुसरा मंत्र टाकता येत नाही. म्हणून एका मॅक्रोत पाच हल्ले लिहिले तरी एका दाबात एकच निघतो. ज्या क्रिया या दीड सेकंदाच्या हिशेबात धरल्या जात नाहीत, त्याच एकत्र बांधता येतात :

/कास्ट कम्बश्चन
/यूज १३
/कास्ट पायरोब्लास्ट

इथे १३ म्हणजे पात्राच्या अंगावरची ट्रिंकेट या खास वस्तूची पहिली जागा, दुसरी १४. कम्बश्चन आणि ट्रिंकेट वेळ खात नाहीत, म्हणून तिन्ही गोष्टी एका दाबात होतात. ‘/कास्टसीक्वेन्स’ ही आज्ञा दर दाबाला पुढचा मंत्र घेते, आणि नवशिक्यांना ती जादूची कांडी वाटते. पण मालिकेतला एखादा मंत्र त्या क्षणी टाकता येत नसेल तर मालिका तिथेच अडून राहते. त्याला वगळून पुढे जाण्याची अक्कल तिला नाही. ऐन लढाईत एकच कळ दाबत बसलेला आणि काहीच होत नसलेला खेळाडू बहुधा याच आज्ञेचा बळी असतो. मालिका पुन्हा पहिल्यापासून केव्हा सुरू व्हावी हे ‘रीसेट’ने सांगता येते : लक्ष्य बदलल्यावर, लढाई संपल्यावर किंवा काही सेकंदांनी.

थांबण्याची आज्ञा या भाषेत नाहीच. फायनल फॅन्टसी १४ मध्ये (नव्या रूपात २०१३) ती आहे : पंधरा ओळींचा मॅक्रो, आणि प्रत्येक ओळीनंतर किती सेकंद थांबायचे ते लिहायचे. तिथले लोक वस्तू घडवण्याचे अख्खे काम असे एका कळीवर सोपवतात आणि कोणी त्याला नाक मुरडत नाही. लढाईत मात्र तिथले मॅक्रो मार खातात, कारण हाताने दाबलेली क्रिया आधीची संपण्यापूर्वीच रांगेत लागते, मॅक्रोतली लागत नाही. एकाच सोयीला दोन खेळांनी दोन वेगळ्या जागी कात्री लावली आहे.

शिकण्याची रीत : सुरुवात बहुधा दुसऱ्याचा मॅक्रो उतरवून होते. ‘/मॅक्रो’ टंकले की खिडकी उघडते. नाव द्यायचे, चित्रांतून लाल प्रश्नचिन्ह निवडायचे, मजकूर लिहायचा आणि बटण ओढून पडद्यावरच्या बटणांच्या पट्टीवर ठेवायचे. प्रश्नचिन्ह निवडण्यामागे कारण आहे. ‘#शोटूलटिप’ असेल तर मंत्राचे नाव बरोबर लिहिल्यावर प्रश्नचिन्हाच्या जागी त्याचे चित्र येते. नाव चुकले असेल तर प्रश्नचिन्ह तसेच राहते. अटीच्या शब्दात चूक झाली तर खेळ तसे सांगतो. मंत्राच्या नावात झाली तर तोंडातून शब्द काढत नाही, म्हणून ही खूण लाखमोलाची. पुढची पायरी शहरातल्या सरावाच्या बाहुल्यासमोर. तो उलट मारत नाही, तेव्हा एकेक अट घालून-काढून निवांत पाहता येते.

काही चुका लिखाणात नसतातच. शिफ्टची अट घातलेला मॅक्रो २ च्या कळीवर ठेवला आणि शिफ्टसह २ दाबले, तर मूळ मांडणीत पट्टीचे पानच बदलते. तो जोड आधीच दुसऱ्या कामाला दिलेला असतो. मॅक्रो दहा वेळा तपासून दोष सापडत नाही, कारण दोष कळींच्या वाटपात आहे. दुसरी अडचण भाषेची : आज्ञा आणि अटी इंग्रजी राहिल्या तरी मंत्राचे नाव खेळाच्या निवडलेल्या भाषेत लागते. इंग्रजी मार्गदर्शनातून उतरवलेला मॅक्रो जर्मन आवृत्तीत म्हणून मुका राहतो. तिसरी अंतराची. मुंबईहून किंवा पुण्याहून युरोप-अमेरिकेतल्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचा विलंब मॅक्रोने कमी होत नाही. पुढची क्रिया किती आधी रांगेत लावता येईल याची वेगळी सेटिंग आहे, ती बदलून पाहावी लागते.

नियम आणि कायदा : खेळातल्या खिडकीत लिहिलेला कोणताही मॅक्रो नियमात बसतो, कारण जे बसत नाही ते तिथे लिहिताच येत नाही. वाद होतात ते बाहेरच्या साधनांवर. ग्लायडर हा प्रोग्रॅम २००५ पासून विकला जात होता आणि माणसाशिवाय पात्र चालवत होता. त्याचे सुमारे १ लाख २० हजार परवाने विकले गेले. त्याच्या निर्मात्या एमडीवाय इंडस्ट्रीज आणि ब्लिझार्ड यांच्यातल्या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये दोन्ही बाजूंना थोडेथोडे दिले. असा बॉट (आपोआप पात्र चालवणारा प्रोग्रॅम) वापरून खेळाच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग होत नाही, मात्र वॉर्डन या पहारा ठेवणाऱ्या प्रणालीला चकवणारे साधन विकणे १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याविरुद्ध आहे, असा तो निकाल. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्लिझार्डने एक कळ अनेक खात्यांना एकाच वेळी पाठवणारे सॉफ्टवेअर बंद केले. अनेक खाती बाळगायला हरकत नव्हती. कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमधून एका दाबात अनेक कृती सोडणे हेही याच पंगतीतले.

अलीकडील स्थिती : २०२५ मध्ये खेळानेच एक बटण दिले. ते दाबत राहिले की पुढचा योग्य हल्ला खेळ स्वतः निवडतो आणि मोबदल्यात दर वेळी किंचित उशीर आकारतो. मंत्र तयार आहे का, शक्ती पुरेशी आहे का, हे जे प्रश्न मॅक्रोला २००६ पासून विचारू दिले नाहीत, ते इथे पडद्याआड विचारले जातात. हाताने लिहिणाऱ्या जुन्या मंडळींना हा आपला अपमान वाटला तर नवल नाही. बचावाच्या क्रिया आणि शत्रूचा मंत्र मध्येच तोडणे या गोष्टी मात्र त्या बटणात नाहीत. मंत्र तोडण्यासाठी मेज या जादूगार पात्राला अजून पुढची ओळ लिहावी लागते, आणि बाजूला धरून ठेवलेले लक्ष्य कोणते असावे हे लढाईआधी ठरवावे लागते :

/कास्ट [@फोकस, हार्म, नोडेड] [] काउंटरस्पेल