दक्षिणा, बक्षीस आणि मोबदला

अलीकडे वर्तमानपत्रांत आणि कचेऱ्यांच्या सूचनाफलकांवर एका जातीची जाहिरात वरचेवर दिसते. कोणा संस्थेला बोधचिन्ह हवे असते, कोणाला कमानीचा आराखडा हवा असतो, कोणाला सुवर्णमहोत्सवासाठी गीत हवे असते. जाहिरातीचा मतलब एकच : काम करून पाठवा, पसंत पडले तर बक्षीस देऊ. शेकडो माणसे रात्री जागवून काम करतात. त्यांतल्या एकाला बक्षीस मिळते आणि बाकीच्यांची बोळवण पुष्कळदा आभाराच्या एका ओळीनेही होत नाही. ही तऱ्हा आजकालची आहे असे आपल्याला वाटते. पण श्रोते हो, ती बरीच जुनी आहे, आणि महाराष्ट्रापुरता तिचा माग काढू लागलो तर तो आमच्या मावळातच येऊन पोहोचतो.

आमचे टाकवे बुद्रुक आंदर मावळात आहे. कान्हे स्थानकावर उतरायचे, इंद्रायणी ओलांडायची, की गाव आले. आज तिथे कारखाने आहेत. पण पूर्वी इथला सुतार, लोहार, कुंभार हे बलुत्यावर काम करीत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' ह्या पुस्तकात ही व्यवस्था तपशीलवार वर्णिली आहे. तिच्यात दोष पुष्कळ होते, जातीची बेडी तर होतीच. तरीही एक गोष्ट ठरलेली होती : सुताराने नांगर भरून दिला की सुगीला खळ्यावर त्याचा वाटा निघायचा. चार सुतारांनी चार नांगर करून आणावेत, पाटलाने त्यांतला एक ठेवून घ्यावा आणि तिघांना वाटेला लावावे, असे कुणी म्हटले असते तर गावाने त्याला वेड्यात काढले असते.

बलुत्याच्या दोन बाजूंना आणखी दोन प्रकार होते. एक वेठ. सरकारी स्वारी आली की ओझी वाहायला माणसे धरून नेत. तिथे मोबदल्याचा प्रश्नच नव्हता. पुढे आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. दुसरा प्रकार दानाचा. कार्ल्याच्या चैत्यगृहात सामी नावाच्या एका सुताराचा लेख आहे. धेनुकाकट गावच्या, वेणुवासाच्या ह्या मुलाने लेण्याचे दार घडविले, असे त्यात नोंदले आहे. सामीने आपली कला दिली ती धर्मासाठी, आपखुषीने. आणि दोन हजार वर्षे झाली तरी त्याचे नाव त्या दगडावर आहे. ते दान होते आणि त्याला दान असेच म्हटले गेले. घोटाळा सुरू होतो तो मोबदल्याच्या कामाला दुसरेच नाव दिले म्हणजे.

आता तळेगावकडे वळू. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटण्याची प्रथा पाडली. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव पडले, आणि ही प्रथा पेशव्यांनी पुण्याला नेली. दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात जमू लागले, पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाऊ लागली. शास्त्री-पंडितांची परीक्षा व्हायची आणि ज्याची विद्या मोठी त्याला दक्षिणाही मोठी मिळायची. पण ज्याची विद्या बेताची तोही रिकाम्या हाताने परतत नसे. एका जातीपुरती आणि सरकारी तिजोरीवर भार घालणारी अशी ही उधळण होती, हे खरे. मात्र आलेल्या माणसाची वाटखर्ची तरी निघावी ही समज तीत होती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षाला ५०,००० रुपयांवर ती आणली आणि तिच्यातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे १८४९ साली पुण्यातल्या नव्या विचारांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की ह्या पैशातून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. लोकहितवादी ह्या खटपटीत पुढे होते. जुन्या मंडळींनी मोठा गिल्ला केला, पण मागणी पुरी झाली. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

हेतू उत्तम होता. कमिटीच्या आश्रयाने मराठीत अनेक पुस्तके आणि भाषांतरे तयार झाली. पण व्यवहार कसा बदलला तो पाहा. रमण्यात विद्वान येई तो आपली विद्या घेऊन; ती देऊनही त्याच्यापाशीच राहत असे. कमिटीपुढे यायचे तर पुरे पुस्तक लिहून आणावे लागे. म्हणजे काही महिन्यांची मेहनत आणि दिव्याचे तेल आधी खर्ची पडायचे, आणि निकाल मागाहून. निकाल देणारे कोण, ते कशावरून पसंती ठरवतात, हे लिहिणाऱ्याच्या हाती मुळीच नाही.

ह्याचा अनुभव एका लेखकाला आला आणि त्याने तो लिहून ठेवला म्हणून आपल्याला कळतो. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून कमिटीकडे पाठविले. एक जोशी एका गर्भार कुणबिणीला ग्रहांची भीती घालून नवराबायकोंना कसा नागवतो, आणि विद्येचा डोळा आल्यावाचून ही लूट कशी थांबणार नाही, हा त्याचा विषय. कमिटीत भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत झाले, असे जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त स्पष्ट सांगितले आहे. हे नाटक छापून लोकांपुढे आले ते १९७९ साली. जोतीरावांना जाऊन तेव्हा ८९ वर्षे झाली होती.

आता ह्यात दोष कुणाचा? नाटक ज्यांच्यावर टीका करीत होते त्यांच्याच बिरादरीचे लोक परीक्षक होते, हा एक दोष. पण मला त्याहून खोल दोष दिसतो तो रचनेत. काम पुरे करून घ्यायचे आणि जबाबदारी मात्र कसलीच पत्करायची नाही, अशी ही रचना होती. कमिटीने जोतीरावांचे काही घेतले नाही, आणि काही दिलेही नाही. नाही म्हणायला तिला एक पैचाही खर्च आला नाही. जिथे नकार फुकट पडतो तिथे तो देताना फारसा विचार होत नाही. नकाराची किंमत पडते ती ज्याने रात्री जागवल्या त्याला.

परदेशांत हा प्रश्न कसा सोडवला गेला? इटलीत फ्लॉरेन्स शहरी १४०१ साली बाप्तिस्मागृहाच्या काशाच्या दरवाजांसाठी स्पर्धा झाली. सात शिल्पी निवडले गेले आणि प्रत्येकाने एकाच विषयावर नमुना करायचा असे ठरले. ह्या सातही जणांच्या वर्षभराच्या खर्चाची तरतूद व्यापाऱ्यांच्या संघाने केली होती, असे वासारी लिहितो. गिबर्टी जिंकला, ब्रुनेलेस्की हरला. पण हरणाराही उपाशी राहिला नाही. चढाओढ होती, वेठ नव्हती.

आपल्याकडे वास्तुविशारदांनी ही गोष्ट कायद्यात आणली. १९५६ साली युनेस्कोची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरली होती. वास्तुरचनेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा कशा घ्याव्यात ह्याविषयीची शिफारस तिने तिथेच मंजूर केली. पुढे १९७२ साली वास्तुविशारदांचा कायदा झाला आणि १९८९ मध्ये त्यांच्या परिषदेने आचारनियम केले. मान्य नियमांनी घेतलेली स्पर्धा सोडून एरवी इतरांशी चढाओढ करीत गिऱ्हाइकासाठी फुकट किंवा कमी दराने आराखडे करू नयेत, असे ते नियम सांगतात. हे बंधन गिऱ्हाइकावर नसून व्यवसायातल्याच माणसांवर आहे. एकाने फुकट केले की दुसऱ्याचा दर पडतो, हे त्यांनी ओळखले. चित्रकार, अक्षररचनाकार, बोधचिन्हे करणारे ह्यांच्यासाठी मात्र असा कायदा नाही.

म्हणूनच ५ मार्च २००९ रोजी केंद्र सरकारने रुपयाच्या चिन्हासाठी स्पर्धा जाहीर केली तेव्हा जुनीच रीत पुन्हा दिसली. सुमारे ३,३३१ चिन्हे आली. प्रवेशासाठी उलट ५०० रुपये फी होती! अखेरच्या पाच जणांना २५,००० रुपये प्रत्येकी आणि विजेत्याला अडीच लाख, अशी बक्षिसे होती. १५ जुलै २०१० रोजी डी. उदयकुमार ह्यांचे चिन्ह मंजूर झाले. पवईच्या आय. आय. टी.त अभिकल्पाचे शिक्षण घेतलेले हे तरुण. देवनागरी 'र' आणि रोमन लिपीतला 'आर' ह्यांचा मेळ घालणारे ते चिन्ह आज आपल्या नोटांवर आहे आणि ते उत्तमच आहे. पण बाकीच्या सर्वांनी काम तर केलेच, वर पैसेही भरले.

कुणी म्हणेल, स्पर्धा नसती तर एका अप्रसिद्ध तरुणाला ही संधी मिळती का? मुद्दा खरा आहे आणि तो मी नाकारीत नाही. शिफारशीवाचून, ओळखीवाचून गुणाला वाव मिळण्याची वाट म्हणजे स्पर्धा. जोतीरावही त्याच आशेने कमिटीकडे गेले असतील. म्हणूनच ही वाट बंद करू नये. ती नीट बांधावी. काम देणाऱ्याने आधी लोकांचे जुने काम पाहावे, त्यावरून तिघाचौघांना निवडावे आणि नव्या कामाचा खर्च त्या सर्वांना द्यावा. परीक्षकांची नावे आणि कसोट्या आरंभीच जाहीर कराव्यात. आणि जे पसंत पडले नाही त्याचा हक्क करणाऱ्याकडेच राहू द्यावा. आलेले सर्व साहित्य आमच्या मालकीचे होईल, हे वाक्य अनेक जाहिरातींत तळाशी बारीक अक्षरांत असते. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याप्रमाणे लेखी आणि सहीनिशी करार झाल्याशिवाय असा हक्क दुसऱ्याकडे जात नाही, हे आपल्या तरुण मुलांना माहीत असायला हवे.

हे काही दिल्ली-मुंबईपुरते नाही. आंदर मावळातली मुले आज संगणकावर चित्रे काढतात, अक्षरे घडवतात. गावची पतपेढी, शाळा, ग्रामपंचायत, उत्सव मंडळ ह्यांना पाटी हवी असते, पत्रिका हवी असते, चिन्ह हवे असते. तेव्हा 'घरचाच मुलगा आहे, करून देईल' असे आपण सहज म्हणतो. मांडववाल्याला आपण असे म्हणत नाही, आचाऱ्याला म्हणत नाही. मुलाला द्यायचेच नसेल तर त्याच्याकडून दान म्हणून मागावे आणि सामीसारखे त्याचे नाव कामावर घालावे. एरवी काम सांगण्याआधी दाम ठरवावे. खळ्यावर सुताराचा वाटा निघेपर्यंत धान्य घरी न नेणाऱ्या मावळाला एवढी रीत काही नवी नाही.